जुन्या ट्रस पुलावर हलका डेक : साइटवरच्या नोंदी

३ ऑक्टोबर २०२३

आज पूल पहिल्यांदा नीट बघितला. कॅनडातल्या एडमंटनपासून उत्तरेला, शेतीचा भाग, छोटी नदी, तिच्यावर एकच ४५ मीटरचा स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर), रिव्हेटचा प्रॅट ट्रस (लोखंडी दांड्यांचा त्रिकोणी सांगाडा, दोन्ही कडांना एकेक), १९२० च्या दशकातला. रस्ता ६ मीटर रुंद. दोन्ही टोकांना १५ टनाच्या मर्यादेचा बोर्ड, त्यामुळे धान्याचे ट्रक भरलेले असले की लांबचा वळसा घेतात आणि हंगामात लोक याच गोष्टीवर वैतागलेले असतात.

जुने ड्रॉइंग काउंटीच्या ऑफिसात सापडले, त्यात एक गोष्ट बघून मी थांबलोच, मूळ डेक, म्हणजे गाड्या जातात तो पृष्ठभाग, लाकडी होता! म्हणजे ज्यांनी हा ट्रस काढला त्यांनी फळ्यांचं वजन धरलं होतं, आणि पुढे १९५० च्या दशकात लाकूड कुजलं म्हणून कुणीतरी वर १८० मिमीचा काँक्रीट स्लॅब टाकला, मग दर काही वर्षांनी डांबराचा थर, त्यावर आणखी एक थर. आता डांबरच ७५ मिमी आहे. सत्तर वर्षं हा ट्रस दुसऱ्याचं ओझं वाहतोय.

दुपारी स्लॅबवर साखळी ओढून आवाज ऐकला. चांगल्या काँक्रीटवर साखळी खणखणीत वाजते आणि आतून थर सुटले असतील तिथे बद्द. इथे निम्म्याहून जास्त भाग बद्द वाजला. हिवाळ्यात टाकलेलं मीठ आत जातं, सळया गंजून फुगतात आणि काँक्रीट आडवं फाटतं, नेहमीचीच गोष्ट.

ट्रस मात्र चांगला आहे. खालच्या बाजूला क्रॉस गर्डरच्या (दोन ट्रसना जोडणाऱ्या आडव्या तुळयांच्या) टोकांना गंज आहे, जोडांमध्ये गंज साचून पट्ट्या थोड्या उचलल्यात, पण मुख्य मेंबर (ट्रसच्या दांड्या) सरळ, रिव्हेट घट्ट. हा पूल पाडायचा विचार कुणी मांडला तर मी भांडणार आहे.

९ ऑक्टोबर

हिशोब. कॉम्प्युटर मॉडेल नंतर करू, आधी कागदावर.

स्लॅब ४३२ किलो प्रति चौरस मीटर, डांबर १७२, मिळून ६०४. डेक २७० चौरस मीटर. म्हणजे १६३ टन नुसता रस्ताच!

आता पर्याय. नवा काँक्रीट स्लॅब टाकला तर वजन जवळपास तेच, ट्रसला काहीच सुख नाही, वर मजबुतीसाठी खालच्या कॉर्डला (ट्रसच्या तळाच्या लांब आडव्या दांडीला) प्लेटा लावाव्या लागणार. त्या लावायच्या तर जुन्या रिव्हेटमधून वाट काढायची आणि त्या प्लेटांचंही वजन परत ट्रसवरच. लोखंडी जाळीचा डेक हलका पडतो पण गाडी गेली की भुणभुण आवाज, आणि मिठाचं पाणी थेट खाली स्ट्रिंजरवर, म्हणजे डेकखालच्या लांबीच्या तुळयांवर. तिसरा पर्याय म्हणजे स्टीलचं सँडविच पॅनल : वर-खाली ८ मिमीच्या प्लेट, मध्ये ४० मिमी भरीव पॉलियुरेथेन. स्टीलचे १२६ किलो, मधल्या थराचे ४६, एकूण १७२. कडेच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट २० धरले, वरचा खरखरीत थर २२. झाले २१४. सगळा डेक ५८ टनांत.

१६३ वजा ५८, १०५ टन कमी. किलोन्यूटनमध्ये १०३०. आपला इथला डिझाइन ट्रक (हिशोबात धरायचा ठरलेला जड ट्रक) ६२५ किलोन्यूटनचा, म्हणजे दीडपेक्षा जास्त ट्रकांएवढं वजन आत्ता पुलावर कायमचं उभं आहे, रात्रंदिवस, आणि ते उतरवता येतं!

एका ट्रसला मीटरमागे ११.५ किलोन्यूटन कमी होतात, मधल्या भागात मोमेंट (वाकवणारा जोर) साधारण २९०० किलोन्यूटन-मीटरने उतरतो, ट्रसची उंची ७ मीटर, त्यामुळे कॉर्डमधला ताण सुमारे ४१५ किलोन्यूटन कमी. ट्रसला एकही नवी प्लेट न लावता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या पुलाला आधी ताकद देऊ नका, आधी त्याच्या अंगावरून वजन काढा, मग बघा काय लागतंय ते.

१५ ऑक्टोबर

रविवार होता, म्हणून शहरातच डॉसन ब्रिज बघायला गेलो. नॉर्थ सॅस्कॅचवान नदीवरचा १९१२ चा ट्रस पूल, त्या काळात कोळशाच्या खाणीसाठी बांधलेला. २०१० साली तो बंद ठेवून दुरुस्त केला आणि डेकला हेच सँडविच पॅनल बसवलं. मी तासभर खाली नदीकाठी उभा राहून नुसतं वर बघत होतो. खालून बघितलं तर सपाट प्लेट दिसते, ना बरगड्या ना खोबणी, पाणी साचायला जागाच नाही. रंगकाम करणाऱ्याला विचारा याची किंमत.

ही पद्धत पुलांवर आली तीही कॅनडातच, क्वेबेकमधल्या शेनली पुलावर २००३ मध्ये. त्याआधी ती जहाजांच्या डेकच्या दुरुस्तीत वापरायचे. आणि वजन काढून पुलाचं आयुष्य वाढवण्याची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. पिट्सबर्गचा स्मिथफील्ड स्ट्रीट पूल, गुस्टाव लिंडेंथालचा, १८८३ चा, त्याला १९३३ मध्ये ॲल्युमिनियमचा डेक बसवला होता, कारण हेच, ट्रसवरचा भार कमी करणं. तो पूल आजही वापरात आहे.

२ नोव्हेंबर

पुण्याच्या मित्राला फोन केला, तो चाकणला कोल्ड स्टोरेजचे पफ पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात आहे. मी म्हटलं स्टील-पॉलियुरेथेन-स्टील, तर तो म्हणाला, "अरे वेड लागलंय का तुला, पफ पॅनलवरून ट्रक नेणार?"

नाही रे बाबा. पफ म्हणजे फोम, हवेचे बुडबुडे, घनमीटरला चाळीसएक किलो. हे भरीव आहे, घनमीटरला ११५० च्या आसपास, हातात घेतलं तर कडक रबरी चाकासारखं लागतं. मधल्या थराचं काम वजन पेलणं एवढंच नाही, वरची प्लेट आणि खालची प्लेट एकमेकींवर सरकू न देणं हे खरं काम. ते झालं की दोन पातळ प्लेटा एका जाड प्लेटसारख्या वागतात. मी त्याला आकडा सांगितला : ८-४०-८ चं पॅनल वाकायला जवळपास ४८ मिमीच्या सलग प्लेटएवढं ताठ, मधल्या थराच्या सरकण्याने त्यातून थोडं कमी होतं ते सोडा. आणि ४८ मिमीची प्लेट चौरस मीटरला ३७७ किलो. हे १७२.

त्याने लगेच पुढचा प्रश्न टाकला, मग बरगड्यांचा स्टील डेक का नाही? बरोबर प्रश्न आहे. गोल्डन गेटचा काँक्रीट डेक १९८२ ते १९८६ मध्ये काढून तसाच बरगड्यांचा बसवला. पण त्यात बरगडी आणि डेक प्लेट यांच्यात किलोमीटरच्या हिशोबात वेल्डिंग असतं, आणि प्रत्येक चाक नेमकं त्याच वेल्डवरून जातं, तिथेच पुढे भेगा येतात. सँडविचमध्ये चाकाखाली असं बरगड्यांचं वेल्डच नाही, फक्त पॅनलच्या सांध्यांवर येतं तेवढंच. छोट्या पुलाला मला हे जास्त पटतं.

फोन ठेवताना तो म्हणाला, "एक लक्षात ठेव, ओलावा. पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटला पाणी लागलं की गॅस सुटतो आणि फोम होतो. आमच्याकडे फोमच पाहिजे असतो, तुझ्याकडे तो विष आहे." वहीत लाल पेनने लिहून ठेवलं.

२१ नोव्हेंबर

आज एक गोष्ट सापडली, ती वेळेत सापडली म्हणून बरं वाटतंय.

सगळे खूश होते की वजन कमी केलं की प्रत्येक मेंबर सुखी. तसं नसतं. प्रॅट ट्रसचे तिरपे मेंबर ताणात असतात, ते बारीक असतात, दाबासाठी केलेलेच नसतात. मध्याच्या शेजारच्या खणात (ट्रसच्या दोन उभ्या दांड्यांमधल्या भागात) पुलाच्या स्वतःच्या वजनाने शिअर (उभा कातरणारा जोर) एका दिशेला असतो, आणि ट्रक पुलाच्या एका बाजूला उभा असला की उलट दिशेला. आत्तापर्यंत स्वतःचं वजन जिंकत होतं : १३.५ टन विरुद्ध ट्रकचे साधारण ८, म्हणजे तिरपा ताणातच. नव्या डेकने १३.५ चे ७.७ होतात. ट्रकचे ८ तसेच. मेंबर दाबात जातो! थोडाच, अर्ध्या टनाच्या आसपास, पण दोन बारीक अँगलचा सात-आठ मीटर लांब मेंबर, त्याला दाब म्हणजे बाजूला वाकणं, आणि प्रत्येक ट्रकला ताण-दाब-ताण, थकवा वेगळाच.

ठरलं : दोन्ही ट्रसमधले मिळून चार तिरपे, त्यांना बोल्टने जादा अँगल आणि मध्ये बांधणीच्या पट्ट्या. एकूण टनभर स्टील. मधल्या खणात आधीपासूनच फुलीचे तिरपे आहेत, त्यामुळे तिथे प्रश्न नाही.

कुणी हलक्या डेकचं काम करत असेल तर हे आधी तपासा. ओझं काढणं हाही ट्रससाठी बदलच असतो.

१३ जानेवारी २०२४

उणे चाळीसच्या पलीकडे. संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर अलर्ट वाजला, वीज कमी वापरा, ग्रिडवर ताण आहे. दिवे मालवून बसलो आणि मनात एकच, इतक्या थंडीत पॅनलमधला थर काय करत असेल. थंडीत तो जास्त ताठ होतो, उन्हात थोडा मऊ पडतो, आणि स्टीलच्या कितीतरी पट जास्त आकसतो-पसरतो, पण प्लेटांना घट्ट चिकटलेला असल्यामुळे त्याला तसं करू दिलं जात नाही, तो ताण चिकटलेल्या जागेवर येतो. म्हणजे सगळी भिस्त चिकटण्यावर. म्हणून प्लेटच्या आतल्या बाजूचं ब्लास्टिंग (जोराने बारीक कण मारून साफ आणि खरखरीत करणं) हा या कामाचा जीव आहे. स्पेसिफिकेशनमध्ये त्या पानाचं सोमवारी परत वाचन करायचं.

१५ फेब्रुवारी

जुन्या स्टीलचा तुकडा कमी महत्त्वाच्या जागेवरून कापून लॅबला पाठवला होता, रिपोर्ट आला. गंधक जास्त. या स्टीलवर वेल्डिंग करायचं नाही, सगळं बोल्टनेच. मला तसंही तेच हवं होतं.

९ एप्रिल

फॅब्रिकेटरच्या शॉपमध्ये पहिलं इंजेक्शन. एकूण १८ पॅनल, प्रत्येक ६ मीटर बाय २.५ मीटर, म्हणजे साध्या ट्रेलरवर जास्त रुंदीच्या परवान्याशिवाय येतात आणि वजन तीन टनांच्या आत, छोटी क्रेन पुरते.

पद्धत अशी. खालची प्लेट, कडेने ५० मिमी रुंदीची भरीव स्टीलची पट्टी वेल्ड करून, वर दुसरी प्लेट, झाली बंद पेटी. ती पट्टी मुद्दाम रुंद ठेवली कारण साइटवर दोन पॅनलमधला वरचा सांधा वेल्ड करायचाय आणि ती आच मधल्या थरापर्यंत जायला नको. पेटी जरा तिरकी ठेवतात, खालच्या बाजूने दोन द्रव मिसळून आत जातात, वरच्या कोपऱ्यातल्या भोकांतून हवा बाहेर. प्लेट पातळ आहे, आतल्या दाबाने फुगेल म्हणून वर जड बीम आडवे टाकून दाबून धरतात. एका पॅनलला साडेसहाशे किलो द्रव, तो घट्ट व्हायच्या आत, मध्ये न थांबता. सगळं शॉप गप्प होतं. वरच्या भोकातून द्रव यायला लागला, एकाने हात वर केला, भोकं बंद. वीस मिनिटांनी प्लेटला हात लावला तर गरम, आत रसायन आपलं काम करत होतं.

२२ एप्रिल

सातव्या पॅनलला खोट.

प्रत्येक पॅनलवर छोट्या हातोडीने ठोकून आवाज घ्यायचा असं ठरलंय, १०० मिमीच्या चौकोनात. सातव्याच्या एका कोपऱ्यात टाइल सुटल्यासारखा आवाज, साधारण ३०० बाय २०० चा भाग. भोक पाडून परत भरू असा प्रस्ताव आला. ड्रॉइंग काढून बघितलं, तो कोपरा नेमका चाकाच्या वाटेवर. मी नाही म्हटलं. थोडी खडाजंगी झाली, पण शेवटी पॅनल बाद, नवीन करायचं.

बाद पॅनल कापून बघितलं, तेव्हा सगळ्यांनाच कळलं. घावनाला जाळी पडते तशी बारीक छिद्रं, प्लेटच्या लगत. त्या दिवशी सकाळी पाऊस होता, शॉपचं दार उघडं, ब्लास्टिंग झालेल्या प्लेटा गार, त्यावर दव धरलं. चाकणचा मित्र बरोबर होता. आता पेटी बंद करायच्या आधी प्लेटचं तापमान आणि हवेतली आर्द्रता लिहूनच घ्यायची, आणि इंजेक्शनच्या आधी आत गरम कोरडी हवा सोडायची. उरलेल्यांपैकी एकही खराब निघालं नाही.

१० जून

पूल बंद. आता वेळ मोजायचा.

जुना शिशाचा लाल रंग जिथे छेडायचा तिथे आधी बंदिस्त तंबू. स्लॅब फोडायचा नाही, करवतीने तुकडे कापून क्रेनने उचलायचे, नदीत खडा पडता कामा नये, करवतीचं पाणीसुद्धा गोळा करायचं. कापण्याचा क्रम मी स्वतः लिहून दिलाय, डावी-उजवी बाजू सारखी, म्हणजे दोन्ही ट्रस एकदमच हलके होत जातील, एक वर आणि एक खाली असं पिळायला नको.

२७ जून

शेवटचा तुकडा निघाला. ट्रस उघडा, वर फक्त क्रॉस गर्डर आणि स्ट्रिंजर, पलीकडचं आभाळ दिसतंय.

हिशोबाप्रमाणे मध्यभागी ट्रस २० मिमी वर यायला हवा होता. आला १४. मॉडेल चुकलं की मोजमाप, दोन वेळा तपासलं. मग बेअरिंगकडे, म्हणजे ट्रस टोकाला ज्यावर टेकतो तिकडे, गेलो. वजन उतरल्यावर खालची कॉर्ड आखडते, सरकत्या टोकाला साधारण ८ मिमी आत यायला हवं. आलं होतं दोन. रोलर गंजून जागच्या जागी बसलेत! म्हणजे इतकी वर्षं उन्हाळ्या-हिवाळ्यातलं आकसणं-पसरणं हा पूल कॉर्ड आणि दगडी पायावर काढत होता.

२ जुलै

जॅक लावून टोक उचललं, रोलर काढले, साफ केले, दोन बदलले. खाली टेकवल्यावर ट्रस हळूच आत सरकला, आणि मध्याचं मोजमाप १८. आता आकडे जुळले. फोरमनने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला, त्यालाही त्या आकड्याची काळजी होती हे मला तेव्हा कळलं.

५ जुलै

स्ट्रिंजरचा सर्व्हे. सहा स्ट्रिंजर, दर अर्ध्या मीटरला एक लेव्हल, ५४६ पॉइंट. गेल्या वर्षी खालून घेतलेली मोजमापं आहेत, पण ती काँक्रीट अंगावर असतानाची, आता पुलाचा आकारच बदललाय, म्हणून सगळं पुन्हा.

सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालचा पॉइंट यात १४ मिमीचा फरक, रस्त्याचा उतार वजा करून. काँक्रीट असतं तर हा फरक त्यानेच गिळला असता, ओतलं की खाली जे असेल तो आकार घेतो. पॅनल तसं करत नाही. ते सपाट आणि ताठ आहे, खाली १४ मिमीची फट ठेवून बोल्ट आवळला तर एकतर बोल्टची पकड खोटी किंवा पॅनल पिळणार, आणि ट्रक गेला की खडखड.

तीन दिवस त्या आकड्यांवर बसलो. प्रत्येक बोल्टच्या जागेला पॅकिंग प्लेट किती मिमीची याचा तक्ता केला, प्लेटांवर पेंटने नंबर, पॅनलनिहाय वेगळ्या पेट्या. हे काम कुणी फोटोत दाखवत नाही पण माझ्या मते या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड काम हेच, पॅनल कारखान्यात बनतं पण पूल जुळतो तो पॅकिंगवर.

१६ जुलै

पहिलं पॅनल. सकाळी साडेसातला क्रेनने उचललं, आठ वाजता बसलं, दोन ठिकाणी पॅकिंग बदलावं लागलं, मग बोल्ट. आधी सगळे नुसते घट्ट, मग नट आणि बोल्टवर मार्करने सरळ रेघ, मग ठरलेला भाग फिरवायचा, रेघ तुटलेली दिसली की समजायचं आवळला. आजचे चार बसले.

१९ जुलै

अठराही बसले. चार दिवसांत. काँक्रीट असतं तर अजून फळ्या आणि सळयाच बांधत असतो, आणि ओतल्यानंतर २८ दिवस वाट. अकराव्या पॅनलला एका कडेला ४ मिमीची फट राहिली होती, माझ्याच तक्त्यात दोन आकडे उलटे पडले होते, उतरवून परत बसवलं, दीड तास गेला.

८ ऑगस्ट

सांध्यांचं वेल्डिंग संपलं, तपासणी झाली, आता वरचा थर. इपॉक्सी आणि त्यावर टोकदार खडी, दोन हात, मिळून १० मिमी. याचं काम फक्त स्टील झाकणं नाही. पातळ स्टीलचा डेक रात्री भराभर गार होतो, बाजूचा रस्ता ओला असतो तेव्हा याच्यावर बर्फाचा पापुद्रा आलेला असतो, म्हणून खडी टोकदारच हवी. दोन्ही बाजूंना तसा बोर्डही लावायला सांगितलाय.

२९ ऑगस्ट

लोड टेस्ट. खडीचे दोन ट्रक, काट्यावर वजन करून आणलेले, मिळून ४८ टन. मध्यभागी पाठीला पाठ लावून उभे केले. हिशोबात ८ मिमी, मोजणीत ७. ट्रक गेल्यावर शून्यावर परत. मग ट्रक बाजूला, मध्याच्या अलीकडे उभे करून त्या चार तिरप्यांवरचे स्ट्रेन गेज (ताण-दाब मोजणारे सेन्सर) बघितले : एकात अगदी थोडा दाब, जेवढा काढला होता साधारण तेवढाच, आणि मेंबर सरळ. हा आकडा बघायला मी नोव्हेंबरपासून थांबलो होतो.

६ सप्टेंबर

सकाळी १५ टनाचे बोर्ड काढले. अकराच्या सुमाराला पहिला धान्याचा ट्रक आला, ड्रायव्हर पुलाच्या तोंडाशी थांबला, फोरमनने हात केला तेव्हा हळूहळू निघाला. मी खाली काठावर उभा होतो. खडखड नाही, नुसता टायरचा आवाज.

उद्या गणपती, आज आरास करायचीये, लवकर निघालो.

राहिलेलं : पहिल्या थंडीत रोलरची जागा मोजणे. जानेवारीत सगळ्या पॅनलवर परत हातोडी, सांध्यांजवळ जास्त. एका हिवाळ्यानंतर बोल्टवरच्या रेघा बघणे. ११ नंबरच्या पॅनलकडे आधी.